मनीप्लांट, अळू आणि घरातलं मांजर

मंडळी, आपल्याकडे घरात एकही कुंडी नसली, तरी पाण्याच्या बाटलीत लावलेला मनीप्लांट असतोच. त्याची लोंबती वेल म्हणजे मांजराला आयतीच दोरी. आधी पंजा मारायचा, मग ओढायची आणि शेवटी चावायची.

ही वेल मांजराला सुरक्षित आहे का? नाही. पण धोका नेमका केवढा, ते आपल्या स्वयंपाकघरातच समजतं. अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका का घालतो आपण? घसा खाजू नये म्हणून. अळू, सुरण आणि मनीप्लांट ही सगळी एकाच कुळातली. त्यांच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात, पेशींमध्ये जुड्या बांधून ठेवल्यासारखे. पान चावलं की पेशी फुटतात आणि या सुया जिभेत, टाळूत, घशात रुततात. आपण अळू शिजवून खातो. मांजर मनीप्लांट कच्चाच चावतं. लगेच लाळेची तार लागते. ते पंजानं तोंड चोळत बसतं, वाटीपाशी येऊन अन्न हुंगतं आणि न खाता मागे फिरतं. कधी उलटीही होते.

पण तोंडाची आग होते म्हणूनच ते सहसा दुसरा घास घेत नाही. त्रास बहुतेक वेळा तोंडापुरताच राहतो आणि ओसरतो. ओल्या फडक्यानं तोंड पुसा, थोडं दही चाटवा. तोंड-घसा सुजला, श्वास घेताना ओढ लागली, तर मात्र ताबडतोब डॉक्टर गाठा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. आणि कळवळून पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका! मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही. एका गोळीनंही जीव जाऊ शकतो.

म्हणून मनीप्लांट फेकून द्या, असं मी सांगणार नाही. वेल वर बांधून घ्या. मांजराला हिरवं चावायची ओढ असतेच, तेव्हा घटाला पेरतो तसे एका पसरट कुंडीत गहू पेरा आणि ते कोंब त्याला खुशाल खाऊ द्या. गुलाब, जास्वंद, अरेका पाम यांचंही भय नाही.

लिलीबद्दल मात्र मी इतका मवाळ नाही. पुष्पगुच्छात येणारी मोठी, सुगंधी लिली आणि बागेतली डे लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. पान, पाकळी, देठ, फुलदाणीतलं पाणी, सगळंच विषारी. अंगावर सांडलेले परागकण चाटले तरी पुरे. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मग मांजर जरा सावरल्यासारखं दिसतं. घरची माणसं निर्धास्त होतात आणि आत मूत्रपिंडं बिघडत जातात; एक ते तीन दिवसांत ती बंद पडू शकतात. पीस लिली यांतली नव्हे, ती अळूच्या कुळातली.

तेव्हा लिली चावल्याची नुसती शंका आली, तरी उलटीची वाट पाहत बसू नका. सलाइन पहिल्या 18 तासांच्या आत सुरू झालं, तर मांजर वाचण्याची शक्यता चांगली असते. निघताना त्या झाडाची फांदी पिशवीत घालून न्या. नेमकी कोणती लिली, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे ओळखता येईल.