शीटच्या कडेवर तुटलेला ओढा

शनिवारवाडा एका नकाशावर, पर्वती दुसऱ्या. मधून साडेअठरा अंशांची अक्षांशरेषा जाते. तिच्या वर ४७ एफ/१४ क्रमांकाचं शीट, खाली ४७ एफ/१५. कात्रजच्या डोंगरातून निघालेला आंबिल ओढा खालच्या शीटवर सुरू होतो आणि वरच्या शीटवर मुठेला मिळतो. एकच शीट घेऊन बसलात तर अर्धाच ओढा हाती लागतो.

हे जुने, इंचाला मैल प्रमाणाचे टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे सर्वेक्षण-नकाशे. कागदाचे तुकडे कापून कापडावर डकवलेले, म्हणजे घडी पडताना कागद फाटत नाही. स्कॅनमध्ये मात्र तुकड्यांमधली फट त्रास देते: दोन मिलिमीटरची फट म्हणजे जमिनीवर सव्वाशे मीटर. म्हणून प्रत्येक तुकडा संगणकावर वेगळा कापून कडेला कड लावायची.

आता नकाशा जमिनीवर बसवायचा. पाच-पाच मिनिटांच्या अक्षांश-रेखांशांचे छेद घ्या, चौकटीसकट सोळा मिळतात. रस्त्यांचे चौक नकोत, रुंदीकरणात ते सरकलेत. आधार एव्हरेस्ट गोलाभाचा द्या, म्हणजे जुने नकाशे पृथ्वीच्या ज्या गणिती आकारावर काढले त्याचा. इथे घाईत डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे आजच्या जीपीएसचा आधार, निवडलं की अख्खा नकाशा शंभर मीटरहून जास्त सरकतो आणि ओढा चक्क टेकडी चढायला लागतो! पडताळायला पर्वतीचं देऊळ आहेच.

भिंगाखाली बघा. तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) पन्नास-पन्नास फुटांवर, दर पाचवी जाड. ओढ्यापाशी प्रत्येक रेषेला टोक येतं आणि ते उगमाकडे वळलेलं असतं. डोंगराच्या सोंडेवर हेच टोक उताराकडे. निळा रंग शोधत बसलात तर फसाल. निळं फक्त बारमाही पाणी, उन्हाळ्यात आटणारा ओढा काळ्या रेघेत. चाळीस फुटांचा उंचवटा दोन रेषांच्या मधे लपूही शकतो.

आता त्या काळ्या रेघेखाली आजचं उपग्रह चित्र ठेवा, म्हणजे ओढ्याच्या जुन्या वाटेवर आज काय आहे ते दिसतं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला. भिंती पडल्या, माणसं गेली.

राहिली दोन शीटची जोडणी. समासात सर्वेक्षणाचं वर्ष असतं आणि छपाईचंही. बघायचं ते सर्वेक्षणाचं. दोन्हींची वर्षं वेगळी असली तर कडेवर ओढ्याची टोकं जुळतीलच असं नाही. ओढूनताणून जुळवू नका. फट तशीच ठेवा आणि दोन्ही बाजूंना आपापलं वर्ष लिहा.