चार उतारांची एक बाटली

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण नाशिकच्या वाइनरींत जाऊन आलेले आहेत आणि काहींच्या घरी पिढ्यानपिढ्या द्राक्षबागा आहेत, त्यामुळे वाइन म्हणजे काय येथपासून मी सुरुवात करणार नाही. मला एकच मत आपल्यापुढे मांडायचे आहे आणि ते गेली अनेक वर्षे माझ्या मनात घर करून आहे. इटलीतील बारोलो या तांबड्या वाइनच्या प्रदेशात आज प्रत्येक टेकडीच्या प्रत्येक तुकड्याची वेगळी बाटली काढण्याची चढाओढ आहे. त्याच प्रदेशात मास्कारेल्लो नावाचे वाइन करणारे एक घर मात्र आपल्या वेगवेगळ्या उतारांवरची द्राक्षे एकत्र करून बारोलोची एकच बाटली काढते. मला हे घर बरोबर वाटते. ते का, हे सांगण्यासाठी आधी थोडी द्राक्षाची ओळख करून द्यावी लागेल.

बारोलो हे वायव्य इटलीच्या पिएमोंते प्रांतातील लांगे टेकड्यांवरचे एक लहानसे गाव आहे. त्याच्या नावाची वाइन मात्र अकरा गावांच्या हद्दीत होते, आणि ती केवळ नेब्बिओलो या एकाच द्राक्षापासून करावी, असा नियम आहे. इटालियन भाषेत 'नेब्बिआ' म्हणजे धुके, आणि द्राक्षाचे नाव त्यावरूनच पडले असावे, असे बहुतेक जण मानतात. कोणी ते ऑक्टोबरच्या धुक्याशी जोडतात, तर कोणी मण्यांवर बसणाऱ्या पांढुरक्या लवेशी. हा वेल इतरांच्या आधी फुटतो आणि सर्वांच्या शेवटी पिकतो, म्हणून त्याला टेकडीचा दक्षिणेकडे तोंड असलेला, उन्हाचा उतार लागतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि वेलाला खरी झोप अशी मिळतच नाही. लांगेत तोच वेल सगळा हिवाळा बर्फाखाली निजतो आणि वर्षातून एकदाच फळ देतो. आपल्या शेतकऱ्यांना मी हा फरक सांगतो, तेव्हा ते सर्वप्रथम गारपिटीबद्दल विचारतात, आणि तो प्रश्न अचूक असतो. त्याकडे मी पुढे येईनच.

नेब्बिओलोचा रंग फसवा असतो. पेला उजेडासमोर धरला तर आरपार दिसते, कोकमाच्या सरबताहून किंचित गडद अशी छटा असते आणि काही वर्षांनी तिची कडा विटकरी होते. रंग पाहून कोणालाही ही वाइन हलकी असेल असे वाटते. पण पहिल्या घोटाबरोबर पिकलेली जांभळे भरपूर खाल्ल्यावर जीभ जशी जड होते, तशी हिरड्यांपासून टाळ्यापर्यंत ओढ बसते. हा तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. त्याला मवाळ व्हायला वेळ लागतो, म्हणूनच कायद्याने बारोलोला बाजारात येण्याआधी किमान ३८ महिने मुरवावे लागते आणि त्यांपैकी १८ महिने लाकडात काढावे लागतात.

येथे मला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण त्याची सल अजून गेलेली नाही. माझ्या मोठ्या भावाच्या साठीनिमित्त आम्ही सगळे पुण्यातील एका नामांकित हॉटेलात जेवायला गेलो होतो. इटलीतील तोरिनो शहरात काही वर्षे नोकरी केलेल्या आमच्या भाच्याने खास दादासाठी बारोलोची एक बाटली आणली होती आणि ती तेथे उघडण्याची परवानगी त्याने आधीच घेऊन ठेवली होती. आम्ही बसेपर्यंत ती बाटली बर्फाच्या बादलीत मानेपर्यंत बुडवलेली होती. मी ती बाहेर काढायला सांगितली, तेव्हा 'सर, वाइन थंडच द्यायची असते,' असे मला नम्रपणे पण ठामपणे सांगण्यात आले. बाटली उघडल्याबरोबर बोटभर उंचीच्या लहान पेल्यांत ती काठोकाठ ओतली गेली. थंडीने तुरटपणा किती टोकदार होतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला पुढचे सांगायला नको. वहिनीने एक घोट घेतला आणि हा काढा आहे का, असे विचारले. काकांनी त्यात सोडा मागवला. वाढणाऱ्या मुलाने पेला दिव्यासमोर धरून रंग उतरला आहे, बाटली जुनी झाली असावी, असा निर्वाळा दिला. भाचा काही बोलला नाही. त्याने कित्येक महिने जपलेली भेट दहा मिनिटांत टेबलाच्या कडेला सरकवली गेली, आणि दादानेही त्याचे मन राखण्यापुरताच अर्धा पेला संपवला.

उरलेली अर्धी बाटली मी बूच लावून घरी आणली आणि ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्या रश्श्यातले मटण होते. मी भाच्याला आणि दादाला बोलावून घेतले, आणि बाटली साध्या घरच्या उष्णतेवर मोठ्या काचेच्या पेल्यांत थोडी थोडी ओतली. दादाने पेला नाकाशी नेला आणि तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग त्याने भाच्याकडे पाहून 'अरे, हा तर गुलकंद आहे,' असे म्हटले. ते अगदी खरे होते. वाळलेल्या गुलाबाचा वास, त्यामागे नव्या डांबराचा एक धागा, आणि मटणाच्या स्निग्धपणात विरघळून गेलेला तो तुरटपणा. आदल्या रात्रीची तीच वाइन होती. तिला फक्त हवा, वेळ आणि योग्य उष्णता मिळाली होती. जी गोष्ट समजून घ्यायला एक रात्र थांबावे लागते, तिच्यावर दिव्याखाली एका क्षणात निकाल दिला जावा, याचे मला आजही वाईट वाटते. ज्या हॉटेलात एवढा पैसा घेतला जातो, तेथे वाढणाऱ्या मुलांना हे शिकवले जात नाही. यात दोष त्या मुलाचा नाही, त्याला न शिकवणाऱ्यांचा आहे.

त्या दुपारनंतर दोन वर्षांनी मी भाच्याबरोबर ऑक्टोबरमध्ये लांगेत गेलो. सकाळी ला मोर्रा गावाच्या सज्जासारख्या चौकात उभे राहिल्यावर खालची सगळी दरी धुक्याने भरलेली होती आणि टेकड्यांचे माथे तेवढे बेटांसारखे वर आले होते. मग आम्ही बारोलो गावाजवळच्या कान्नूबी नावाच्या लांबट, बुटक्या टेकडीवर चालत गेलो. मी मूठभर माती उचलली. ती राखाडी, गुळगुळीत, बोटांनी चुरली तर पिठासारखी होणारी, आपल्या गणपतीच्या शाडूच्या जवळची होती. पलीकडे सेर्रालुंगा गावाच्या बाजूची जमीन अधिक जुनी आणि कडक आहे, तेथली वाइन अधिक तुरट आणि दीर्घायुषी होते; ला मोर्राकडची अधिक सुवासिक आणि मृदू. एवढ्याशा अंतरात इतका फरक पडतो.

संयोजकांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे. माझ्याकडे दहाच मिनिटे आहेत आणि मूळ मुद्दा अजून व्हायचा आहे, तेव्हा तो थेट मांडतो.

जुलिओ मास्कारेल्लो यांनी पहिल्या महायुद्धानंतर हे घर उभे केले. त्यांचे पुत्र बार्तोलो यांनी ते २००५ मध्ये निधन होईपर्यंत सांभाळले, आणि आता ते त्यांची कन्या मारिया तेरेझा चालवतात. जमीन पाच हेक्टरच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशोबाने बारा-साडेबारा एकर. बारोलो गावातील कान्नूबी, सान लोरेन्झो आणि रुए, आणि ला मोर्रातील रोक्के, हे त्यांचे चार परंपरागत उतार. रस काँक्रीटच्या टाक्यांत सालींसह दीर्घकाळ आंबतो आणि नंतर स्लाव्होनियन ओकच्या, म्हणजे क्रोएशियातील स्लाव्होनिया भागातल्या ओक झाडाच्या लाकडाच्या, मोठ्या पिंपांत मुरतो. १९८० च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी फ्रेंच पद्धतीची २२५ लिटरची ओकचीच लहान नवी पिंपे आणली, ज्यांना 'बारीक' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द किती चपखल वाटतो पाहा. त्या ओकाचा व्हॅनिलासारखा वास नेब्बिओलोच्या वासावर बसतो, असे बार्तोलो यांचे मत होते. त्यांनी हाताने चित्र काढलेल्या एका लेबलवर 'नो बारीक, नो बेर्लुस्कोनी' (म्हणजे बारीकही नको आणि इटलीचे राजकारणी बेर्लुस्कोनीही नकोत) असे लिहिले आणि ते लेबल जगभर गाजले.

एका उताराची एक बाटली ही पद्धत बारोलोत जुनी नाही. १९६१ च्या हंगामापासून व्हिएत्ती आणि प्रुनोत्तो या घरांनी ती रुजवली. त्याआधी वेगवेगळ्या ठिकाणची द्राक्षे एकत्र करणे हीच रीत होती, आणि तिच्यामागे शेतकऱ्याचे शहाणपण होते. सप्टेंबर २००२ मध्ये बारोलो परिसरात मोठी गारपीट झाली आणि अनेकांचे पीक गेले, पण सेर्रालुंगातील काही मळे वाचले. निफाडच्या शेतकऱ्याला सगळी बाग एकाच शिवारात का ठेवू नये हे समजावण्याची गरज नाही. कडक उन्हाळ्यात थंड उतार आंबटपणा टिकवतो, पावसाळी वर्षी उन्हाचा उतार गोडी देतो, आणि दोघांच्या मिश्रणातून वर्षाचा समतोल साधतो. यात जमिनीची ओळख पुसली जाते, असा आक्षेप घेतला जातो. मला तो मान्य नाही. गोडा मसाला करणारी बाई धणे, तीळ आणि दगडफूल वेगवेगळे भाजते, कारण प्रत्येकाचा भाजण्याचा वेळ तिला ठाऊक असतो. नीट मिसळायचे तर प्रत्येक घटक आधी स्वतंत्रपणे ओळखावा लागतो.

याचा पुरावा कान्नूबीच्याच खटल्यात आहे. २०१० मध्ये बारोलोतील अधिकृत स्थळनावांची यादी लागू झाली, तेव्हा शेजारच्या चार तुकड्यांनाही नुसते 'कान्नूबी' हे नाव लावण्याची मुभा मिळाली आणि सुमारे १५ हेक्टरची टेकडी कागदावर सुमारे ३४ हेक्टरची झाली. त्याविरुद्ध मारिया तेरेझा काही उत्पादकांसह न्यायालयात गेल्या. २०१२ मध्ये रोममधील प्रशासकीय न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले, आणि २०१३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. एकट्या कान्नूबीची बाटली न काढणारे घर कान्नूबीच्या सीमेसाठी लढले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. निकाल विरुद्ध गेल्यावरही त्यांच्या कान्नूबीची द्राक्षे इतर उतारांच्या द्राक्षांबरोबर एकाच बारोलोत जातात.

मागच्या टेबलावर बारोलोच्या दोन बाटल्या आहेत. त्या मी चार वाजताच उघडून ठेवल्या आहेत आणि जवळपास कोठेही बर्फ ठेवू दिलेला नाही. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन घोटच येतील, तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या घोटात किमान अर्धा तास जाऊ द्यावा, एवढी माझी विनंती आहे.