आधी सही, मग सुनावणी

(दृश्य: टंकलेखन यंत्रावर उमटत जाणारं पत्र. तारीख: 3 नोव्हेंबर 1980.)

हे पत्र क्लीव्हलँडच्या शिक्षण मंडळाच्या बिझनेस मॅनेजरने पाठवलेलं. क्लीव्हलँड म्हणजे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं, एरी सरोवराच्या काठचं जुनं कारखानदारीचं शहर. पत्र ज्याच्या हाती पडलं, तो मंडळाचा सुरक्षारक्षक जेम्स लाउडरमिल. मजकुराचा सारांश एवढाच की, नोकरीच्या अर्जात तुम्ही खोटी माहिती भरलीत, म्हणून तुम्हाला कामावरून काढून टाकलं आहे.

तो 1979 साली नोकरीला लागला. आजवर कुठल्याही गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेलो नाही, असं त्याने अर्जात लिहून दिलं होतं. अकरा महिन्यांनी नोकरीच्या कागदपत्रांची नेहमीची तपासणी झाली आणि 1968 मधली एक नोंद सापडली. मोठ्या चोरीच्या गुन्ह्यात तो दोषी ठरलेला होता. एका कागदावर 'नाही', दुसऱ्यावर 'आहे'. साहेबांच्या दृष्टीने प्रकरण इथेच मिटलं. त्याला बोलावून "काय हो, हे कसं काय?" एवढं विचारण्याचं बंधन कायद्याने घातलेलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही.

आता तारखा बघा. पत्र 3 नोव्हेंबरचं. लाउडरमिलने अपील दाखल केलं 12 नोव्हेंबरला. आणि त्याला काढण्याचा मंडळाचा रीतसर ठराव मंजूर झाला 13 नोव्हेंबरला. ज्या निर्णयावर अपील, त्या निर्णयावर मंडळाचं शिक्कामोर्तब दुसऱ्या दिवशी! सरकारी कचेरीत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना याचं फारसं नवल वाटणार नाही.

(दृश्य: क्लीव्हलँडचं लेक व्ह्यू स्मशान, राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांचं भव्य स्मारक.)

अपील गेलं क्लीव्हलँडच्या सिव्हिल सर्व्हिस कमिशनकडे, म्हणजे सरकारी नोकऱ्यांचे नियम सांभाळणाऱ्या आयोगाकडे. ही कमिशनं कशी आली, याच्या मुळाशी एक खून आहे आणि त्याचा धागा याच राज्यात येतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निवडणूक जिंकणारा पक्ष सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांत वाटून टाकायचा. सत्ता पालटली की कारकून आणि पोस्टमास्तरसुद्धा बदलायचे. अशाच एका नोकरीची आस लावून बसलेल्या चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने 2 जुलै 1881 रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. 19 सप्टेंबरला ते गेले. गारफील्ड ओहायोचे. 1883 मध्ये जो कायदा झाला, गुणवत्तेवर भरती करायची आणि राजकीय मर्जीवर कुणाला काढायचं नाही असं सांगणारा, त्याला ज्यांचं नाव मिळालं ते सिनेटर जॉर्ज पेंडलटनही ओहायोचेच. तो कायदा केंद्र सरकारपुरता होता. पुढे राज्यांनी आणि शहरांनीही तीच वाट धरली.

लाउडरमिलच्या वेळी ओहायोचा कायदा म्हणत होता की वर्गीकृत सेवेतल्या, म्हणजे सिव्हिल सर्व्हिसच्या नियमांत येणाऱ्या, कर्मचाऱ्याला सबळ कारणाशिवाय काढता येणार नाही. काढलं, तर त्याला कमिशनकडे अपील करता येईल. आधी काढा, मग ऐका.

(दृश्य: साधी खोली, लांब टेबल, भिंतीवरचं घड्याळ.)

कमिशनने एक रेफरी नेमला, आपल्याकडच्या चौकशी अधिकाऱ्यासारखा. 29 जानेवारी 1981 ला त्याच्यापुढे सुनावणी झाली. तिथे लाउडरमिलला पहिल्यांदा तोंड उघडायला मिळालं. तो म्हणाला, 1968 ची ती शिक्षा किरकोळ गुन्ह्याची होती, असंच मी धरून चाललो होतो. अमेरिकेत गुन्ह्यांचे असे दोन मोठे वर्ग आहेत, फेलनी म्हणजे गंभीर आणि मिसडिमीनर म्हणजे किरकोळ. अर्जात विचारलं होतं फेलनीबद्दल. म्हणजे माणूस खोटं बोलला, की त्याची समजूत चुकीची होती? रेफरीने सगळं ऐकून घेतलं आणि शिफारस केली की याला पुन्हा कामावर घ्या.

20 जुलैला पूर्ण कमिशन बसलं. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद झाला आणि कमिशनने तोंडी जाहीर केलं की बडतर्फी कायम. लेखी निष्कर्ष 10 ऑगस्टला आले. वकिलांना टपालाने कळलं 21 ऑगस्टला. नोकरी गेल्यापासून नऊ महिन्यांहून जास्त काळ उलटला होता.

चौकशी करणारा एक म्हणतो आणि निर्णय घेणारा दुसरंच ठरवतो, हे आपल्याकडेही घडतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या एका प्रकरणात याची रीत घालून दिली. चौकशी अधिकाऱ्याने निर्दोष ठरवलं आणि वरिष्ठांना ते पटलं नाही, तर त्यांनी आपली कारणं आधी कर्मचाऱ्याला कळवायची, त्याचं म्हणणं मागवायचं आणि मगच दोषी ठरवायचं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या एका न्यायिक अधिकाऱ्याच्या बडतर्फीत नेमकी हीच पायरी गाळलेली निघाली. शिस्तपालन समितीने त्याला दोषी धरूनच टाकलं होतं, आणि कारणे दाखवा नोटीस काढली ती फक्त शिक्षेबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली.

(दृश्य: बस डेपो, उघडं बॉनेट, ग्रीस लागलेले हात.)

क्लीव्हलँडला लागूनच पार्मा आहे. तिथल्या शिक्षण मंडळाने ऑगस्ट 1977 मध्ये एका बस मेकॅनिकला काढलं, कारण तो डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला. पुन्हा तपासणी करून घ्यायची संधी त्याला होती, त्याने ती घेतली नाही. त्यानेही कमिशनकडे अपील केलं. अपील मुदतीत आलं की नाही, यावरच वर्षभर घोळ चालला. शेवटी कमिशनने त्याला कामावर परत घ्यायला लावलं, पण मधल्या काळाचा पगार दिला नाही.

माझ्या मते दोघांत जास्त बोलकं प्रकरण या मेकॅनिकचं. लाउडरमिलला विचारलं असतं तरी साहेबांनी त्याला काढलंच असतं, असं कुणी म्हणू शकेल. मेकॅनिक तर अपील जिंकला, आणि तरीही मधला पगार गेला तो गेलाच. घरभाडं आणि वाण्याची उधारी निकालासाठी थांबत नाही.

(दृश्य: वॉशिंग्टन, सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या.)

दोघांनीही संघीय न्यायालयात दाद मागितली. खालच्या न्यायालयाने लाउडरमिलला सांगितलं की ज्या कायद्याने तुला नोकरीचा हक्क दिला, त्याच कायद्याने काढायची रीतही ठरवली आहे. रीत पाळली गेली, तर तक्रार कसली? या विचाराची मांडणी न्यायमूर्ती विल्यम रेनक्विस्ट यांनी 1974 मध्येच केली होती. आपल्या भाषेत सांगायचं, तर दुभत्या गाईच्या लाथा गोड मानून घ्या.

19 मार्च 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा विचार नाकारला. निकालपत्र न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांचं. नोकरीचा हक्क एकदा दिला, की तो कसा काढून घ्यायचा हे संविधानाच्या कसोटीवर ठरेल, केवळ त्या कायद्याच्या मर्जीवर नाही. म्हणून काढण्याआधी तीन गोष्टी हव्यात. आरोप काय ते कळवा, पुरावा काय ते समजावून सांगा, आणि त्याची बाजू ऐका. मोठी साक्षीपुराव्याची सुनावणी नको, कारण ती अपिलात होईलच. माणूस कामावर राहणं धोक्याचं वाटत असेल, तर पगार चालू ठेवून त्याला निलंबित करा.

व्हाइट यांचा मुद्दा व्यवहाराचा होता. निर्णय घेणाऱ्याचं मन वळण्याची खरी शक्यता असते ती सही होण्याआधी. एकदा सही झाली की ती मागे घेणं जड जातं, तिचं समर्थन करणं सोपं. रेफरीची शिफारस आणि मेकॅनिकचा विजय या दोन्ही गोष्टी त्यांनी दाखला म्हणून पुढे ठेवल्या.

रेनक्विस्ट यांनी पूर्ण विरोध नोंदवला, त्यांनी एकट्यानेच. न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांना उलट निकाल तोकडा वाटला. पगार थांबवायचा तर साक्षीपुराव्यासह पूर्ण सुनावणी आधी व्हायला हवी, असं त्यांचं मत होतं. नऊ महिन्यांच्या विलंबाबद्दल मात्र लाउडरमिलच्या पदरी काही पडलं नाही. एवढा वेळ लागला म्हणूनच ते घटनाबाह्य ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. आणि या निकालाने त्याला नोकरीही मिळाली नाही, दावा पुढे चालवण्याची मुभा तेवढी मिळाली.

आज अमेरिकेतल्या नगरपालिकांच्या आस्थापना विभागात 'लाउडरमिल हिअरिंग', म्हणजे काढण्याआधी बाजू ऐकून घेणं, हा रोजचा शब्द आहे. पुष्कळदा ती टेबलाभोवतीची छोटीशी बैठक असते, सोबत युनियनचा माणूस. निवाडाही इतका आखडता आहे की 1997 मध्ये एका विद्यापीठाच्या पोलिसाला फौजदारी आरोपानंतर बिनपगारी निलंबित केलं, तेव्हा निलंबनाआधी सुनावणी द्यायलाच हवी असं नाही, असं त्याच न्यायालयाने सांगितलं.

आपल्याकडचं निलंबन सहसा असं पूर्ण कोरडं नसतं, सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो. आपलं दुखणं वेगळं आहे. निलंबनाचा आदेश एका दिवसात निघतो आणि दोषारोपपत्राची वाट बघण्यात महिने जातात. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही, तर निलंबन त्यापुढे चालू ठेवता येणार नाही.