दंडावरची काळी फीत

1 नोव्हेंबर. सकाळचे आठ. बेळगावात गारठा पडायला लागलाय. आमच्या गल्लीच्या एका टोकाला कर्नाटक राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या पताका. दुसऱ्या टोकाला माझा मुलगा सायकलीत हवा भरतोय, फेरीला जायचंय. बायको माझ्या बाहीला काळी फीत लावते. टाचणी टोचू नये म्हणून आतून बोट धरते.

1956 साली भाषावार राज्यरचना झाली. मुंबई राज्यातलं बेळगाव, खानापूर, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेलं. तेव्हापासून आम्ही हा काळा दिन पाळतो.

बाहेरचे लोक विचारतात, देशात राहून काळी फीत? हा प्रश्न फार लागतो. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. 26 जानेवारीला पदकं लावून झेंडावंदनाला जायचे आणि 1 नोव्हेंबरला फीत लावून फेरीत. दोन्ही दिवशी तोच कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’ ही आमची घोषणा. मागणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याची आहे. दोन्ही राज्यं भारताचीच ना? याच गावात 1916 ला टिळकांनी होमरूल लीग काढली. 1924 ला गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथल्याच अधिवेशनात. सरकारला जाब विचारायची रीत आम्हाला वाडवडिलांकडून मिळालीय.

पण रीत म्हणजे रीत. तिकडे कर्नाटकच्या बसला काळं फासतात, इकडे महाराष्ट्राच्या. बसची काच फुटते तेव्हा आत भाजीची पाटी मांडीवर घेतलेली एखादी बाई असते. तिची भाषा कुणी विचारलेली नसते. त्या दगडाला मी आंदोलन म्हणणार नाही, तो मराठी हातातून सुटला असला तरी.

मुलगा वाद घालतो. ‘2004 पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, बाबा. शिस्तीत राहून काय मिळालं?’ खोटं नाही त्याचं. शेताचा उतारा मला कन्नडमध्ये मिळतो. मराठीत मागितला, तर खिडकीमागचा माणूस मान वर करत नाही. तो कागद घेऊन मी शेजारच्या कानडी काकांकडे जातो. ते चष्मा पुसतात आणि ओळ न ओळ वाचून, मराठीत समजावून सांगतात. दारावर पताका त्यांच्याच आहेत. त्यांच्या सणाला माझा विरोध नाही. माझं भांडण 1956 च्या त्या रेषेशी आहे.

मुलाला मी तावातावाने बोलू देतो. ऐकून घेतो. फक्त सांगतो, फेरीत सायकल माझ्या शेजारी चालव.

दुपारी घरी आल्यावर तो फीत काढून टेबलावर टाकतो. मी ती घडी घालून ट्रंकेत ठेवतो, वडिलांच्या पदकांच्या डब्यात.

‘पुढच्या वर्षी लागेलच,’ तो म्हणतो.

‘निकाल आपल्या बाजूनं लागला, तर नाही लागणार.’