परमिट रूम : पडद्याआडचं पुणं

(दृश्य : फर्ग्युसन रस्ता, संध्याकाळची गर्दी. दुकानांच्या पाट्या एकामागून एक सरकत जातात.)

पुण्याला १९४९ साली दोन गोष्टी मिळाल्या. फेब्रुवारीत पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला. विद्यापीठानं गावोगावची पोरं या शहरात आणली. त्या पोरांनी संध्याकाळी कुठं बसायचं आणि कसं बसायचं, ते कायद्यानं ठरवून टाकलं.

कॉलेजं तशी आधीपासून होती. इंजिनिअरिंग १८५४ चं, फर्ग्युसन १८८५ चं. इराणी हॉटेलंही होती. १९३५ पासूनचं गुडलक अजून डेक्कनवर उभं आहे, लकी गेलं. बन-मस्का आणि चहाच्या आठवणी पुणेकर उघडपणे सांगतो, छापतो, त्यांवर कार्यक्रम करतो. त्याच पोरांची रात्री आठनंतरची आठवण मात्र सहसा छापून येत नाही. आजची गोष्ट त्या आठनंतरच्या पुण्याची आहे.

(दृश्य : गल्लीच्या तोंडाशी लाल अक्षरांची जुनी पाटी, 'परमिट रूम'. दाराला जाड पडदा.)

मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. कायद्याला आव्हान मिळालं, १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही तरतुदी रद्द केल्या, पण कायदा टिकला. पिणाऱ्यासाठी एकच फट उरली : परवाना. आणि तो कशासाठी? आरोग्य टिकवण्यासाठी. पिणारा माणूस म्हणजे एक प्रकारचा रुग्ण, त्याला सरकार मापात औषध देणार, असा सगळा थाट. पुढे साठच्या दशकात बंदी सैल व्हायला लागली, सत्तरच्या दशकात आणखी सैलावली. परवाना मात्र कागदावर राहिलाच. परवानाधारकानं बसून प्यायची खोली, तिचं नाव परमिट रूम.

त्या खोलीची रचना बघा, म्हणजे कायद्याचा स्वभाव कळेल. रस्त्यावरून आतलं काही दिसता कामा नये. म्हणून पडदा, काळी काच, नाहीतर दारासमोर प्लायवूडचा आडोसा. आत दिवसाही रात्र. कोपऱ्यात फिश टँक असेल तर तेवढाच उजेड, आणि काउंटरच्या वर गणपती किंवा साईबाबांच्या तसबिरीभोवती लुकलुकणारी माळ. शाळा-कॉलेज, देऊळ-मशीद यांपासून ७५ मीटर लांब असण्याचा नियम. त्यामुळे कॉलेजच्या गेटासमोर बार नसायचा, पाच मिनिटं चालून गल्लीत वळावं लागायचं. त्या पाच मिनिटांत ओळखीचं कुणी दिसलं की पोरं दुकानातल्या शर्टांचे भाव विचारायला लागायची.

(दृश्य : सनमायकाचं टेबल, स्टीलची प्लेट, सोड्याची बाटली. कॅमेरा टेबलाच्या उंचीवर.)

टेबल चौघांचं, बसायचे सहा जण. वेटर फडका फिरवायचा, तोही ओलाच, त्यामुळे कोपरं चिकटायची. तो विचारायचा, "काय आणू?" आणि आधी कुणीच बोलायचं नाही, कारण खिशांची बेरीज अजून व्हायची असायची. कॉन्ट्री, म्हणजे वर्गणी, निघायची. दहाच्या नोटा, पाचची नाणी, कुणाचा तरी "उद्या देतो" असा शब्द. मग ऑर्डर : एक क्वार्टर रम, दोन सोडे, साधं पाणी. क्वार्टर म्हणजे १८० मिली. तिघांत साठ-साठ होते, सहांत तीस-तीस. अपूर्णांक शाळेत शिकवतात, पण पक्के इथं होतात. ज्याच्या हाताला मोजमाप साधलंय तोच भरणार, आणि बाकीचे पाच जण वाकून ग्लासांची पातळी बघणार. इतक्या बारकाईनं ही पोरं प्रॅक्टिकलला ब्युरेटही वाचत नव्हती.

चखणा फुकट. हा या धंद्याचा खरा आधार होता असं माझं मत आहे. खारे शेंगदाणे, पिवळी शेव, कधी फुटाणे, कधी मीठ-तिखट भुरभुरलेली काकडी-गाजराची कापं. प्लेट संपली की वेटरकडे नुसतं बघायचं. पहिल्यांदा तो लगेच भरून द्यायचा, दुसऱ्यांदा थोडा वेळ लावून. तिसऱ्यांदा म्हणायचा, "मसाला पापड घ्या की साहेब." 'साहेब' या हाकेत टोमणा किती आणि आदर किती हे कळायला एक वर्ष लागायचं.

मालक बरेचदा उडुपी-मंगळूरकडचे शेट्टी. काउंटरवर बसून ते एका डोळ्यानं गल्ला बघत आणि दुसऱ्यानं टेबलं. कुणाचा आवाज चढला की स्वतः उठून येत नसत, वेटरच्या हातून बिल पाठवत. बिलाबरोबर बडीशेप आणि टूथपिक. पुणेरी पाट्यांचं कौतुक आपण खूप करतो. ती बडीशेपची वाटीही तशीच एक पाटी होती : आता उठा.

(दृश्य : सदाशिव पेठेतली गल्ली, 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' अशी हातानं लिहिलेली चिठ्ठी.)

ही पोरं कोण होती? लातूर, धुळे, सोलापूर, चिपळूणहून आलेली. पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, म्हणजे खोली नव्हे, फक्त पलंग भाड्यानं. खोलीत चार कॉटा, एक दोरी, घरमालकाच्या नियमांचा कागद दाराच्या आत चिकटवलेला. जेवायला मेस. आणि पुण्यातल्या मेसचा अलिखित नियम असा की रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद. आठवड्यातली एक रात्र शहरानं या मुलांना उपाशी सोडलेली. रविवारी संध्याकाळी परमिट रूम भरायची ती अर्धी तरी यामुळे. अंडा भुर्जी, चार पाव, आणि आता आलोच आहोत तर. घरी कुणी विचारलंच तर "बाहेर जेवलो" हे शंभर टक्के खरं उत्तर.

शेजारच्या टेबलावर लॉ कॉलेज रस्त्याकडून आलेली फिल्म इन्स्टिट्यूटची मंडळी असायची. दाढ्या, झोळ्या, आणि चार तास चाललेला वाद. त्यांच्या पलीकडे पीएमटीचे कंडक्टर, एखादा बँकेतला कारकून, दोन रिक्षावाले. कॉलेजात ज्यांच्याशी बोलायची वेळ कधीच आली नसती अशी माणसं हाताच्या अंतरावर, एकाच शेवेच्या प्लेटकडे बघत. महिन्याच्या शेवटी त्यातलीच काही मुलं देशी दारूच्या दुकानात संत्रा प्यायला जायची आणि दुसऱ्या दिवशी सांगायची नाहीत.

परत जाताना पानाच्या टपरीवर थांबणं ठरलेलं. लवंग, वेलची, पेपरमिंट, जे स्वस्त असेल ते. घरमालकाच्या नाकाला ते कधीच पटलं नसणार, पण तोही बोलायचा नाही.

आता कायद्याची दुसरी बाजूही सांगून टाकू. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१, रमसारख्या कडक मद्यासाठी २५. पदवी हातात येते विसाव्या-एकविसाव्या वर्षी. म्हणजे या आठवणी सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचं तिथं बसणंच बेकायदा होतं, आणि शेट्टींनाही ते ठाऊक होतं. आणि परवान्याचं म्हणाल तर एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, देशीचा दोन रुपयांचा. पाच रुपयांत सरकार तुम्हाला एक दिवसापुरता अधिकृत रुग्ण करून देतं. तो परवाना मागून घेतलेला विद्यार्थी माझ्या तरी पाहण्यात नाही. बॅचमधले दोघे-तिघे त्या खोलीतून पुढे कधी नीट बाहेर आलेच नाहीत. आठवणींच्या मैफलीत त्यांचं नाव निघालं की विषय बदलला जातो. तो बदलू नये, म्हणून इथं नोंदवलं.

(दृश्य : डेक्कन, काचेचे दर्शनी भाग, मोबाइलची दुकानं, कोचिंग क्लासची पाटी.)

गेल्या कुठं या खोल्या?

पहिली खाल्ली जागेच्या भावानं. वाडे पडले, जुन्या इमारती रीडेव्हलपमेंटला गेल्या. नव्या इमारतीत तळमजल्यावर बँक हवी, ब्रँडचं दुकान हवं, परमिट रूम कुठल्याच सोसायटीला नको. हिंजवडीत आयटी पार्क आलं, पगार बदलले, आणि पोरांची राहणीही. कॉट बेसिस सुटून फ्लॅट आले. फ्लॅटला दार असतं, ते आतून लावता येतं. मग वाइन शॉपवरून बाटली आणून रूमवर बसणं परवडायला लागलं. बारमधल्या एका पेगच्या पैशात तिथं निम्मी क्वार्टर येते.

२००८ च्या गांधी जयंतीपासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली आणि टेबलावरचे ॲशट्रे गेले. चांगलंच झालं. त्या धुरात डोळे चोळत बसलेला कुणीही याबद्दल हळहळणार नाही.

मग २००९ साली याच शहरात भारतातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली, डुलाली. डोळ्यांसमोर बिअर बनते, मोठ्या काचा, उजेड, हिरवळ, मेन्यूवर गव्हाच्या बिअरचं वर्णन. जी गोष्ट गल्लीत पडद्याआड लपवली होती ती अंगणात आणून ठेवली. त्यानंतर असे ब्रू-पब येत राहिले. कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी. तिथं जाताना कुणी शर्टांचे भाव विचारत नाही, उलट फोटो टाकतो.

परमिट रूम नुसती महाग होऊन मेली नाही. तिची गरज संपली. ती चोरून पिणाऱ्यांसाठी बांधली होती, आणि चोरी उरली नाही. लाज गेली तशी लाजेसाठी केलेली खोलीही गेली. मला स्वतःला याचं फारसं दुःख नाही. वाईट वाटतं ते एवढंच, की नव्या जागेत रिक्षावाला शेजारच्या टेबलावर नसतो. तो दाराबाहेर भाड्याची वाट बघत असतो.

(दृश्य : महामार्गालगतचा बार, शटर खाली. बाजूला टेपनं मोजणारा हात.)

२०१७ चा एप्रिल मात्र कुणीच विसरलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला, आणि तो १ एप्रिलपासून लागू झाला. पुण्यासारख्या शहरात रस्ता कागदावर महामार्ग आहे हे तिथं राहणाऱ्यालाही माहीत नसतं. एका सकाळी कळलं की आपला नेहमीचा बार महामार्गावर आहे. मग मोजमापं सुरू झाली. सरळ रेषेत मोजायचं की चालत जाऊन? पुढचं दार धरायचं की मागचं? रस्ते महापालिकेकडे वर्ग करण्याची धावपळ झाली. काही महिन्यांनी न्यायालयानं शहरहद्दीतल्या रस्त्यांबाबत खुलासा केला आणि शटरं वर गेली. सगळी नाही. तोवर वेटर गावी गेले होते, कुणी दुसरा धंदा धरला होता. ज्याची जागा भाड्याची होती त्या मालकाला तेवढे महिने काढणं शक्यच नव्हतं.

२०२० चा लॉकडाऊन त्यानंतरचा. बार मार्चमध्ये बंद झाले ते ऑक्टोबरात, तेही निम्म्या खुर्च्यांवर, उघडले. वाइन शॉपं मात्र मेमध्येच उघडली होती. घरी प्यायची सवय तोवर पक्की झाली.

२०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं नकोत. योग्यच आहे, पण पुण्यात याची मजा वेगळी. किल्ल्यांच्या नावानं बार असलेल्या शहरात पोरं शनिवारी एका तोरण्यावर जायची आणि रविवारी दुसऱ्या, आणि आईला फोनवर दोन्ही वेळा खरंच सांगायची. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये उत्पादन शुल्क आणि परवाना शुल्कही वाढलं, तेव्हा १४ जुलैला राज्यभरच्या बारमालकांनी एक दिवस बंद पाळला. ड्राय डे सरकार जाहीर करतं, हा मालकांनी जाहीर केलेला.

(दृश्य : ब्रू-पबमधलं लांब टेबल, चाळिशी-पन्नाशीतली दहा-बारा माणसं. हशा.)

आमच्या बॅचचं गेट-टुगेदर मध्यंतरी अशाच एका ब्रू-पबमध्ये झालं. अपेक्षेप्रमाणे पोरं सुरू झाली : तो फिश टँक, तो वेटर, ती शेव, तो सहांत वाटलेला क्वार्टर. एकजण उभा राहून पेग कसा भरायचा याचं प्रात्यक्षिक देत होता. अर्धा तास ऐकून झाल्यावर वर्गातल्या एकीनं ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "हे सगळं नक्की कुठं होतं रे? आम्ही तर त्या गल्लीतून रोज जायचो."

"तिथंच तर. पडद्यामागं."

"अच्छा. म्हणजे तो पडदा आमच्यासाठी होता."

टेबलावर क्षणभर कुणालाच उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे तिला कुणी कधी विचारलंही नव्हतं. 'फॅमिली रूम' नावाची एक माडीवरची खोली असायची, पण वर्गातली मुलगी मित्रांबरोबर तिथं चढून गेली असती तर दुसऱ्या दिवशी कॉलेजभर झालं असतं. मुलींच्या हॉस्टेलचं गेट आमची पहिली ऑर्डर येण्याआधीच बंद होत असे. त्यांच्या आठवणींत गुडलक, वैशाली, रूपाली ही हॉटेलं आहेत. परमिट रूम नाही. आम्ही ज्याला 'आपलं कॉलेजातलं पुणं' म्हणतो, ते अर्ध्या वर्गाचं पुणं.

तिनं वेटरला बोलावलं, आणखी एक ग्लास सांगितला आणि मसाला पापडही. मग बिल आलं, जाड चामडी फोल्डरात. बडीशेप नव्हती. आकडा बघून तिघांनी चष्मे काढून पुन्हा घातले. कॉन्ट्री निघाली, मोबाइलवर, माणशी सारखी. पेग भरायचं प्रात्यक्षिक देणारा म्हणाला, "मी उद्या पाठवतो." तिनं त्याच्यासमोर क्यूआर कोड धरला आणि म्हणाली, "आत्ता."