दर दोन तासाला कूस

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलबद्दल, मणक्याला मार लागून पाय गेलेल्या माणसांना परत घरादारात, कामाधंद्यात आणणारं हॉस्पिटल. पण आधी 1917 सालची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही.

तेव्हाच्या जर्मनीत कोळशाच्या खाणींचा मुलूख, तिथल्या एका अपघात हॉस्पिटलात लुडविग गुटमन नावाचं सतरा-अठरा वर्षांचं पोरगं वॉर्डात मदतीला होतं. एक खाण कामगार आणला, तगडा गडी, मणका मोडलेला, कमरेखाली काही हलेना. प्लास्टर घातलं आणि पडदे लावून बाकीच्यांपासून बाजूला ठेवला. गुटमन त्याची माहिती लिहून घ्यायला लागला तर वरचे म्हणाले, कशाला लिहितोस, काही आठवड्यांचा सोबती आहे हा. आणि खरंच, पाचेक आठवड्यांत गेला. पण मंडळी, मणक्यानं नाही गेला. परत सांगतो, मणक्यानं नाही गेला. पाठीला बेडसोर झाले, म्हणजे एकाच अंगावर पडून राहून होणाऱ्या जखमा, लघवीत इन्फेक्शन झालं, ते रक्तात पसरलं आणि त्यानं गेला. त्या पोराच्या डोक्यातनं तो गडी शेवटपर्यंत गेला नाही.

पुढं गुटमन मेंदू-मणक्याचा मोठा डॉक्टर झाला, ज्यू म्हणून 1939 ला हिटलरच्या जर्मनीतनं पळून इंग्लंडला आला आणि 1 फेब्रुवारी 1944 ला स्टोक मँडेव्हिलमध्ये जखमी सैनिकांसाठी मणक्याचा वॉर्ड सुरू झाला तो त्याच्या हातात. तिथंही लोकांनी आशा सोडलेलीच होती. यानं पहिलं काय केलं, तर प्लास्टर काढली आणि सांगितलं, दर दोन तासाला कूस बदलायची. दिवसा पण, रात्री पण, दर दोन तासाला. हा स्वतः रात्रीचा वॉर्डात येऊन बघायचा, बदलली का नाही ते. माणसं जगायला लागली!

आपल्याकडं अजून आजाऱ्याला बघायला येणारे त्याच्या उशाशी बसूनच म्हणतात, आता काय राहिलं नाही ओ. त्याला ऐकू येतं ना सगळं! मला हे अजिबात पटत नाही. शहाळी नेऊ नका एक वेळ, पण त्या घरातल्या बाईला झोप मिळावी म्हणून एक रात्र कूस बदलायची पाळी घ्या.

बाकी तिथं व्यायाम, लघवी-संडासची सवय लावणं, व्हीलचेअर चालवणं, सुतारकामासारखं हाताला काम, हे सगळं उपचारातच धरलं. आणि खेळ. 29 जुलै 1948, लंडनचं ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी हॉस्पिटलच्या आवारात 16 जणांनी व्हीलचेअरवर बसून धनुष्यबाण चालवले, त्यातनंच पुढं 1960 ला रोमपासून पॅरालिम्पिक उभं राहिलं. आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्ण कुणी आणलं, तर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी, 1965 च्या लढाईत गोळ्या झेललेला जवान.

पेठेपेठेत तालीम असलेल्या कोल्हापूरला खेळाचं महत्त्व मी काय सांगणार, पण त्या तालमींच्या दारात पायऱ्यांशेजारी एक उतार बांधा की. नसीमादीदी हुरजूक स्वतः व्हीलचेअरवर, त्यांनी 1984 ला इथंच हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली, एवढी वर्षं झाली तरी गावात उतार शोधावा लागतो.

तर घरात कुणी पडून असेल तर दर दोन तासाला कूस, आणि रोज टाचा, खुबे, माकडहाड उजेडात बघा. लाल डाग दिसला आणि बोटानं दाबून तो फिका पडत नसेल तर त्या अंगावर झोपवू नका, चोळू तर अजिबात नका, डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.