काचेवरची अंडी

कोरी हा टाकीच्या तळाशी वावरणारा मासा; दुकानात तो खपवतात सफाईवाला म्हणून. दोन कोरी सोडा, तळ साफ राहील! मग घरी त्याच्यासाठी वेगळं खाणं कोण घालणार? वरच्या माशांचं उरलंसुरलं खाऊन तो जगतो खरा, पण अर्धपोटी मादी अंड्यावर येत नाही.

या टाकीत चार नर आणि दोन माद्या आहेत. ब्राँझ कोरी. 1858 साली अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ थिओडोर गिल यांनी त्रिनिदाद बेटावरच्या नमुन्यांवरून याला नाव दिलं, हॉप्लोसोमा एनियम; पुढे तो कोरिडोरास एनियस झाला. 2024 मध्ये अभ्यासकांनी त्याला ऑस्टिओगास्टर या प्रजातीत (जीनसमध्ये) हलवलं. बाजारात मात्र तो कोरीच आहे आणि कोरीच राहील.

त्याच्या मुलखात पावसाळा लागला की ओढ्यांना थंड पाणी येतं. टाकीत तो पाऊस बादलीने पाडावा लागतो. आधी काही दिवस ब्लडवर्मचा, म्हणजे लाल अळ्यांचा खुराक, मग क्लोरीन काढलेलं, दोन-चार अंश थंड पाणी घालून निम्मी टाकी बदलायची. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी तिशीपार जातं, तेव्हा या भानगडीत पडू नये. जूनच्या पहिल्या सरी आल्या की गारवा आपोआप मिळतो.

आता हे पाहा. नर मादीसमोर आडवा झाला, तिने तोंड त्याच्या पोटाला चिकटवलं. वरून इंग्रजी टी अक्षर दिसतं. ती त्याचं वीर्य पितेय! 1995 मध्ये जपानी संशोधकांनी हे छापलं. त्यांनी अशा वेळी मादीच्या तोंडाशी निळा रंग सोडला, तर काही सेकंदांत तो आतड्यातून पार होऊन मागे, थेट अंड्यांवर बाहेर आला. याच आतड्याने हा मासा हवाही शोषतो. मधूनच सर्रकन वर येऊन तो गिळतो ती ही हवा.

पोटाखालचे दोन पर जुळवून तिने ओंजळ केलीय. आत अंडी आहेत. ती काचेपाशी जाते, जागा तोंडाने चाचपते आणि पोट टेकवते. सुटली तेव्हा काचेवर दीड-दोन मिलिमीटरचे फिकट ठिपके. लगेच पुढच्या नराकडे. असं तासन् तास चालतं, आणि अंडी शंभरावर जाऊ शकतात.

माया वगैरे काही नाही बरं का. विणीचा जोर ओसरला की हेच आईबाप अंडी फस्त करतात. म्हणून बोटाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने ती अलगद सोडवायची आणि त्याच टाकीच्या पाण्याने भरलेल्या डब्यात ठेवायची. हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन मंद, बुरशी रोखायला मेथिलिन ब्लू या निळ्या औषधाचे एक-दोन थेंब. पांढरी पडलेली अंडी फुकट गेली; त्यांची बुरशी शेजारच्यांना धरायच्या आत ड्रॉपरने उचला.

तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात. सुरुवातीला पोटाशी बलकाची पिशवी असते, तोवर काही घालू नका. ती आटली की मायक्रोवर्म (बारीक सूत्रकृमी) किंवा अंड्यातून नुकतंच फुटलेलं आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे चिमुकले जीव), थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा. पिल्लं भुकेपेक्षा घाणीने जास्त दगावतात, कारण ती तळालाच पडून असतात आणि उरलेलं खाणं तिथेच सडतं. रोज हवेच्या पंपाच्या बारीक नळीने तळ ओढून घ्या, आणि ओढलेलं पाणी फेकण्याआधी उजेडात धरून पाहा. त्यात एखादं पिल्लू हमखास आलेलं असतं.